मुकुलायनाचा पाठ : किण्व, जलव्याल आणि संत्र्याचा डोळा

(इयत्ता सातवी व आठवीच्या विज्ञान विषयासाठी)

कळमेश्वर तालुक्यातील खेड्यात वाढणाऱ्या मुलाला झाडाचा ‘डोळा’ म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. कळमेश्वर, काटोल, नरखेड आणि सावनेर या भागांत संत्र्याच्या बागा आहेत. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधताना त्याने घरच्या वडीलधाऱ्यांना किंवा शेजारच्या बागाइतदाराला पाहिलेले असते. परंतु तोच मुलगा विज्ञानाच्या तासाला ‘मुकुलायन’ हा शब्द ऐकतो, तेव्हा तो शब्द त्याला सर्वस्वी परका वाटतो. किण्व आणि जलव्याल ही नावे तो पाठ करतो, आकृती उतरवून घेतो आणि परीक्षेनंतर दोन्ही विसरून जातो.

हा विषय शिकविताना दोन प्रकारच्या चुका संभवतात. पहिली चूक म्हणजे, मुलांच्या अनुभवाशी काहीही संबंध न जोडता केवळ व्याख्या सांगणे. दुसरी चूक याच्या उलट आहे. संत्र्याचा डोळा आणि जलव्यालाचा मुकुल एकच, असे सांगून शिक्षक मोकळे होतात. या दोहोंत साम्य आहे हे खरे. पण भेदही आहे, आणि तो भेद समजल्यावाचून साम्याचा उपयोग होत नाही. प्रस्तुत पाठाची मांडणी या दोन्ही चुका टाळण्याच्या दृष्टीने केलेली आहे.

पाठाचा हेतू

पाठ संपल्यावर विद्यार्थ्यास पुढील तीन गोष्टी स्वतःच्या शब्दांत सांगता याव्यात. (१) मुकुलायनात नवा जीव एकाच जनकाच्या देहाचा भाग म्हणून वाढतो व पुढे वेगळा होतो. (२) विभाजनात जनक स्वतःच दोन जीवांत वाटला जातो. मुकुलायनात जनक मागे उरतो. (३) मुकुल हा जनकाच्याच देहाचा अंश असल्यामुळे जनकाचे गुण त्यात जसेच्या तसे उतरतात, आणि त्याच कारणाने जनकाचे दोषही उतरू शकतात. यांपैकी तिसरी गोष्ट पाठाचा गाभा होय.

शिक्षकाची पूर्वतयारी

*किण्व.* किण्व, म्हणजे ज्यास बाजारात यीस्ट म्हणतात ते, एकपेशीय कवक आहे. पावाच्या किण्वाची पेशी साधारणतः ५ ते १० मायक्रॉन असते. म्हणजे अशा १०० ते २०० पेशी एका ओळीत मांडल्या, तर एक मिलिमीटर भरतो. साखर, ऊब आणि ओलावा मिळाला की पेशीच्या एका बाजूस बारीकसा फुगवटा येतो. हाच मुकुल. तो वाढत जातो. पेशीचे केंद्रक फुगवट्याच्या मानेशी येऊन विभागते व त्याचा एक भाग मुकुलात जातो. पुढे दोहोंच्या मध्ये भित्तिका तयार होते आणि मुकुल सुटून स्वतंत्र पेशी बनते. परिस्थिती अनुकूल असेल तर या सर्व क्रियेस सुमारे दीड ते दोन तास लागतात. काही वेळा पहिला मुकुल सुटण्यापूर्वीच त्यावर दुसरा येतो व पेशींची माळ झालेली दिसते.

मुकुल सुटलेल्या जागी जनक पेशीच्या भित्तिकेवर एक व्रण राहतो. पावाच्या किण्वाची एक पेशी साधारणपणे २० ते ३० मुकुल देते आणि नंतर तिची शक्ती संपते. नवी पेशी मात्र आपले आयुष्य नव्याने आरंभ करते. म्हणून जनक पेशी कधीच मरत नाही, असे विधान वर्गात करू नये.

किण्व सजीव आहे, हे फार जुने ज्ञान नाही. १८३७ साली फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर आणि जर्मनीत श्वान यांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, सूक्ष्मदर्शकातून किण्वाला फुटवे येताना पाहिले व ते सजीव असल्याचे प्रतिपादन केले. त्या काळच्या नामवंत रसायनशास्त्रज्ञांना हे पटले नाही. १८५७ पासून पुढे लुई पाश्चर यांनी केलेल्या प्रयोगांनी हा वाद निकालात निघाला.

*जलव्याल.* जलव्याल, म्हणजे हायड्रा, गोड्या पाण्यात राहणारा बहुपेशीय पण अत्यंत साधा प्राणी आहे. त्याचा देह पोकळ नळीसारखा असून भित्तिका पेशींच्या दोन थरांची असते. एका टोकास तो पाणवनस्पतीला चिकटतो. दुसऱ्या टोकास मुख व त्याभोवती धाग्यासारखे स्पर्शक असतात. देहाची लांबी काही मिलिमीटर ते सुमारे दीड सेंटिमीटर असते. पाण्यातील पिसवांसारखे सूक्ष्म जीव हे त्याचे भक्ष्य.

अन्न मुबलक असले म्हणजे जलव्यालाच्या देहाच्या खालच्या भागी भित्तिकेस फुगवटा येतो. या फुगवट्यात भित्तिकेचे दोन्ही थर असतात, आणि त्याची पोकळी जनकाच्या पोकळीशी जोडलेली असते. म्हणून जनकाने गिळलेल्या अन्नाचा वाटा मुकुलास मिळतो. मुकुलाच्या टोकास मुख व स्पर्शक फुटतात. शेवटी बुडाशी तो आकसत जाऊन सुटतो आणि स्वतंत्रपणे राहू लागतो. या क्रियेस साधारणतः दोन ते चार दिवस लागतात. परिस्थिती प्रतिकूल झाली, तर हाच जलव्याल बीजांडे व शुक्रपेशी निर्माण करून लैंगिक पद्धतीनेही प्रजनन करतो. मुकुलायन हा त्याचा एकमेव मार्ग नव्हे.

जलव्यालाच्या देहातून पिले फुटत असल्याचे वर्णन हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी १७०२ मध्ये केले होते. पुढे १७४० मध्ये हेग शहराजवळ अब्राहम ट्रेंब्ली यांनी त्याचा सखोल अभ्यास केला. शिक्षकांनी ही हकिगत अवश्य सांगावी, कारण ट्रेंब्ली हे कोणा विद्यापीठाचे अध्यापक नव्हते. एका सरदारघराण्यातील दोन मुलांना शिकविण्याचे काम त्यांच्याकडे होते. ओढ्याडबक्यांतून आणलेले पाणी काचेच्या भांड्यात ठेवून ते निरीक्षण करीत. हिरव्या रंगाचा हा जीव वनस्पती की प्राणी, हे ठरविण्यासाठी त्यांनी त्याचे तुकडे केले. तेव्हा प्रत्येक तुकड्यापासून संपूर्ण जीव तयार झालेला पाहून त्यांस आश्चर्य वाटले. त्यांचा ग्रंथ १७४४ मध्ये प्रसिद्ध झाला. एक भिंग, एक भांडे आणि चिकाटी एवढ्यावर हे काम झाले, ही गोष्ट खेड्यातील शाळेस धीर देणारी आहे.

विभाजन आणि मुकुलायन

हा भेद समजविण्यासाठी घरातील दोन पदार्थ पुरेसे आहेत. दुधाचे दही करणारे जीवाणू विभाजनाने वाढतात. एका जीवाणूचे दोन सारखे भाग होतात; त्यांत जनक कोणता व अपत्य कोणते, हे सांगता येत नाही. पाव फुगविणारे किण्व मुकुलायनाने वाढते. तेथे मोठी जनक पेशी आणि तिला चिकटलेला लहान मुकुल वेगळा ओळखू येतो. दही हे विभाजनाचे आणि पाव हे मुकुलायनाचे उदाहरण म्हणून फळ्यावर शेजारी शेजारी लिहावे.

येथे एक सावधगिरी बाळगावी. आंबलेला प्रत्येक पदार्थ किण्वाचाच, असे सांगू नये. इडलीचे पीठ फुगविण्यात मुख्य वाटा जीवाणूंचा असतो. उलट, शिंदीचा गोड रस काही तासांत आंबूस व फेसाळ होतो, तेव्हा त्यात किण्वाचे कार्य मोठे असते.

साहित्य आणि प्रयोग

*प्रयोग पहिला : किण्व.* काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या दोन सारख्या बाटल्या घ्याव्यात. दोहोंत सारखेच कोमट पाणी व प्रत्येकी एक चमचा कोरडे यीस्ट घालावे. एका बाटलीत दोन चमचे साखर घालावी, दुसरीत घालू नये. दोन्हींच्या तोंडांवर फुगे बसवून बाटल्या उबदार जागी ठेवाव्यात. पाणी हाताला सोसवेल इतकेच कोमट असावे. कढत पाण्याने किण्व मरते. बाटलीचे तोंड बुचाने घट्ट बंद करू नये, कारण आत वायू साचून बाटली फुटण्याचा धोका असतो. अर्ध्या ते एका तासात साखर घातलेल्या बाटलीवरील फुगा फुगू लागेल.

या प्रयोगाचा अर्थ सांगताना प्रामाणिक राहावे. फुगा फुगला म्हणजे किण्व जिवंत असून ते साखरेवर काम करीत आहे, एवढेच सिद्ध होते. मुकुलायन झाले हे फुग्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक यंत्र लागते. जवळच्या माध्यमिक शाळेत ते असल्यास, प्रयोग सुरू केल्यापासून एक-दोन तासांनी बाटलीतील पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन सुमारे ४०० पट मोठा करून पाहावा. लहान-मोठ्या दोन गोळ्या चिकटल्यासारख्या पेशी दिसतील. यंत्र मिळाले नाही, तर आकृतीवर भागवावे. परंतु न पाहिलेली गोष्ट पाहिली असे मुलांकडून वहीत लिहवून घेऊ नये.

*प्रयोग दुसरा : जलव्यालाचा शोध.* तलावाच्या किंवा संथ डोहाच्या स्वच्छ पाण्यातील पाणवनस्पती थोड्या पाण्यासह काचेच्या बरणीत आणाव्यात. हे काम शिक्षकाने स्वतः करावे. मुलांना विहिरीत वा डोहात उतरवू नये. तांब्याचे भांडे वापरू नये, कारण तांब्याचा अंश जलव्यालास घातक ठरतो. औषध टाकलेले नळाचे पाणीही घालू नये. बरणी उजेडात, पण उन्हापासून दूर, एक दिवस न हलविता ठेवावी. नंतर भिंगाने काचेच्या आतील बाजू व पानांच्या कडा तपासाव्यात. बारीक दोऱ्याचा तुकडा चिकटल्यासारखा जीव दिसला आणि बरणीस टिचकी मारताच तो आकसून गोळीएवढा झाला, तर तो जलव्याल असण्याचा संभव आहे. प्रत्येक बरणीत तो सापडेलच असे नाही. न सापडल्यास त्यात अपयश नाही. दुसऱ्या जागेचे पाणी आणून पुन्हा पाहावे. हायड्रिला नावाची पाणवनस्पती निराळी व हायड्रा हा प्राणी निराळा, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

*प्रयोग तिसरा : चिकणमातीची प्रतिकृती.* प्रत्येक गटाने मातीच्या नळीच्या चार प्रतिकृती कराव्यात : साधा जलव्याल, फुगवटा आलेला, स्पर्शक फुटलेला मुकुल असलेला, आणि मुकुल सुटल्यानंतरचा. चौथ्या प्रतिकृतीत जनक व अपत्य असे दोन जीव दाखविले पाहिजेत. ज्या गटाने एकच दाखविला, त्याला मुकुलायन अजून समजलेले नाही, असे मानावे.

*प्रयोग चौथा : पानफुटी.* पानफुटीचे जाड पान ओलसर मातीवर ठेवावे. काही दिवसांनी पानाच्या कडेवरील खाचांतून मुळे व लहान रोपे फुटतात. सूक्ष्मदर्शकावाचून साध्या डोळ्यांनी दिसणारे हे उदाहरण आहे. वनस्पतीच्या पानापासून झालेले हे शाकीय प्रजनन असले, तरी ‘जनकाच्या देहातून नवा जीव’ ही कल्पना त्यामुळे दृढ होते.

पाठाची मांडणी

प्रस्तावनेत मुलांना त्यांच्या अनुभवातील प्रश्न विचारावेत. संत्र्याचे झाड बियांपासून लावतात की कलमापासून? कलमासाठी खाली कोणते झाड असते? वर काय बांधतात? डोळा कोणत्या झाडाचा घेतात, आणि तोच का? शेवटच्या प्रश्नास बहुधा ‘चांगल्या झाडाचा’ असे उत्तर येईल. ते उत्तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे व त्यावर लगेच भाष्य करू नये. पाठाच्या अखेरीस त्याकडे परत यावयाचे आहे.

त्यानंतर हेतुकथन करावे : ‘माणसाने डोळा न बांधताही काही जीवांच्या अंगाला डोळ्यासारखा फुटवा येतो आणि त्याचा नवा जीव होतो. तो कसा, ते आज पाहू.’ विषयनिवेदनात प्रथम किण्व व मग जलव्याल घ्यावा. एका पेशीकडून अनेक पेशींकडे जाणे मुलांना सोपे पडते. गणिताशीही येथे सांगड घालता येईल. दर दोन तासांनी पेशींची संख्या दुप्पट होते असे धरल्यास, एका पेशीच्या १० तासांत ३२, २० तासांत १,०२४ आणि २४ तासांत ४,०९६ पेशी होतील. हे गणित मुलांनीच करावे. मग ‘असे असता सारे जग किण्वाने भरून का जात नाही?’ असा प्रश्न विचारावा. अन्न संपते, स्वतः निर्माण केलेल्या मद्यार्कानेच किण्वाची वाढ खुंटते, ही उत्तरे थोड्या मदतीने मुलांकडून काढता येतात.

संत्र्याचा डोळा : साम्य आणि भेद

आता संत्र्याकडे वळावे. पन्हेरीत जंबेरीची रोपे पेन्सिलीएवढी जाड झाली की जमिनीपासून सुमारे एक वीत उंचीवर सालीस इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची चीर देतात. निवडलेल्या संत्र्याच्या फांदीवरील डोळा सालीच्या ढालीसारख्या तुकड्यासह काढून त्या चिरेत बसवितात व पट्टीने बांधतात. विदर्भात हे काम मुख्यतः हिवाळ्यात चालते. डोळा हिरवा राहून फुटला, म्हणजे जंबेरीचा वरचा शेंडा छाटतात.

साम्य असे की, डोळ्यापासून वाढलेले झाड हे ज्या झाडावरून डोळा घेतला त्याच झाडाच्या देहाचा अंश असते. परागकण व बीजांड यांचा संयोग तेथे होत नाही. म्हणून फळाची चव, साल, हंगाम हे गुण मातृवृक्षाप्रमाणेच राहतात. क्वचित घडणारे आकस्मिक बदल तेवढे वगळावे लागतात.

भेद तीन आहेत. जलव्यालाचा मुकुल आपोआप येतो व आपोआप सुटतो. संत्र्याचा डोळा माणूस काढतो व बांधतो. जलव्यालाचा मुकुल स्वतःच्या देहावर पुरा वाढतो. संत्र्याच्या डोळ्यास दुसऱ्या झाडाचे मूळ उसने घ्यावे लागते. आणि तिसरा भेद असा की, सुटलेला जलव्याल एकाच जातीचा एक जीव असतो, तर कलमाचे झाड हे खाली जंबेरी आणि वर संत्रा असे दोन झाडांचे जोडकाम असते. जोडाच्या खालून फुटणारे काटेरी फुटवे जंबेरीचे असतात. ते वेळीच काढले नाहीत, तर जंबेरी बळावते आणि संत्रा दुबळा होतो. बागेत असे फुटवे पाहून त्यांची पाने संत्र्याच्या पानांशी ताडून पाहण्याचे काम मुलांना द्यावे.

गुण आणि व्याधी

येथे फळ्याच्या कोपऱ्यातील उत्तर पुन्हा वाचावे : ‘चांगल्या झाडाचा डोळा घेतात.’ मग विचारावे, झाड वरून चांगले दिसते पण आतून रोगट आहे, असे असेल तर?

मुकुल जनकाचा अंश आहे, या वाक्याची दुसरी बाजू येथे उघड होते. ट्रिस्टेझा हा विषाणूजन्य रोग आणि ग्रीनिंग हा जीवाणूजन्य रोग डोळ्याच्या काडीबरोबर नव्या कलमात जाऊ शकतात. पुढे ट्रिस्टेझाचा प्रसार मावा करतो आणि ग्रीनिंगचा प्रसार सिला नावाची कीड करते. परंतु बागेत रोगाचा पहिला प्रवेश पुष्कळदा रोगट कलमातूनच होतो. संत्र्याच्या कलमास फळे धरण्यास साधारणतः चार-पाच वर्षे लागतात. तोवर शेतकऱ्याचे पाणी, खत, मजुरी आणि जमीन गुंतलेली असते. रोगट झाडावरून घेतलेल्या डोळ्यांची शंभर कलमे लावली, तर तो रोग शंभर ठिकाणी लावल्यासारखा होतो, आणि हे कळेपर्यंत वर्षे निघून गेलेली असतात.

दुसरे असे की, एकाच मातृवृक्षाची सर्व झाडे गुणांनी सारखी असल्यामुळे ज्या रोगास एक बळी पडते, त्यास सर्वच बळी पडण्याचा संभव असतो. लैंगिक प्रजननात प्रत्येक अपत्य थोडे निराळे असते. त्यामुळे संकटात काही तरी तगतात. प्रतिकूल काळात जलव्याल बीजांडांचा मार्ग धरतो, याचे महत्त्व येथे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. मुकुलायनाने संख्या झपाट्याने वाढते. लैंगिक प्रजननाने विविधता वाढते. दोहोंची किंमत निरनिराळी आहे.

यावरील उपायही मुकुलाच्याच ज्ञानातून निघाला आहे. नागपूर येथे १९८५ साली लिंबूवर्गीय फळांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. आज ते केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. तेथे शेंड्याचा एक मिलिमीटरहूनही लहान कोंब घेऊन निर्जंतुक स्थितीत रोपावर त्याचे कलम करतात. वाढत्या शेंड्याच्या अगदी टोकापर्यंत विषाणू बहुधा पोहोचलेला नसतो. म्हणून त्या कोंबापासून रोगमुक्त मातृवृक्ष तयार करता येतो. पुढे त्याच वृक्षाचे डोळे वापरले, तर मुकुलाचा नियम शेतकऱ्याच्या बाजूने काम करतो. नागपूरच्या संत्र्यास २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव टिकावयाचे तर कलमाची निवड डोळसपणे झाली पाहिजे.

फलकलेखन

विभाजन : जनकाचे दोन सारखे भाग, जनक वेगळा उरत नाही. उदाहरण — दह्याचे जीवाणू, अमीबा.
मुकुलायन : जनकाच्या देहावर फुगवटा, मुकुल सुटतो, जनक उरतो. उदाहरण — किण्व, जलव्याल.
डोळा बांधणे : माणसाने केलेली जोडणी, मूळ एकाचे, शेंडा दुसऱ्याचा. उदाहरण — जंबेरीवर संत्रा.
तिन्हींत समान : एकच जनक, गुण तेच, दोषही तेच.

प्रश्न आणि स्वाध्याय

१. जलव्यालाच्या मुकुलाला सुटण्यापूर्वी अन्न कोठून मिळते?
२. फुगा फुगला म्हणून मुकुलायन झाले, असे म्हणता येईल काय? कारण द्या.
३. एका संत्र्याच्या झाडास खालून आंबट फळांची काटेरी फांदी फुटली. असे का झाले असावे?
४. गोड फळे देणाऱ्या पण रोगट झाडाचा डोळा घ्यावा काय?
५. स्वाध्याय : घरच्या किंवा शेजारच्या बागाइतदारास भेटून कलमे कोठून आणली, डोळे कोणत्या झाडांचे होते व ती झाडे निरोगी असल्याची खात्री कशी केली, हे विचारून दहा ओळी लिहा. बाग नसल्यास ऊस, बटाटा किंवा हळद यांच्या बेण्याविषयी हीच माहिती मिळवा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरे वर्गात मोठ्याने वाचून घ्यावीत. ज्या घरी कलमांची पारख न करता ती आणली गेली असतील, त्या घरचा मुलगा किंवा मुलगी हाच प्रश्न घेऊन घरी जाईल. पुढील हिवाळ्यात डोळा बांधण्यापूर्वी एका तरी बागेत मातृवृक्षाची चौकशी झाली, तर हा पाठ शाळेबाहेर पोहोचला असे समजावे.